पाठीराख्यांचा गौरव करण्यापूर्वी पुरवठादारांची बिले पाहा

मा. अध्यक्ष आणि सदस्य, वार्षिक पुरस्कार समिती, यांस

सविनय नमस्कार.

अमेरिकेतील अल्पसंख्याक समाजांच्या मालकीचे यशस्वी उद्योग आणि त्यांना काम देणाऱ्या मोठ्या कंपन्या यांचा आपली संस्था दरवर्षी गौरव करते. यंदाच्या समारंभाचे जे पत्रक आम्हा सभासदांना मिळाले, त्यात दोन बदल जाहीर झाले आहेत. वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या उद्योगांसाठीचा स्वतंत्र पुरस्कार आपण बंद केला आहे आणि या उद्योगांनी यापुढे एक कोटी डॉलरपर्यंतच्या गटात अर्ज करावा, असे सुचवले आहे. त्याच पत्रकात ‘पाठीराख्या’, म्हणजे अशा उद्योगांना काम देणाऱ्या मोठ्या, कंपन्यांसाठीचे पुरस्कार मात्र एकाचे तीन झाले आहेत. समारंभ लांबतो, हे पहिल्या बदलाचे कारण दिले आहे. दुसऱ्या बदलाने तो आणखी लांबेल, याचा विचार त्या पत्रकात दिसत नाही.

या निर्णयाबद्दल गप्प बसणे मला शक्य नाही. या पत्राची इंग्रजी प्रत समितीकडे दिली आहे. ते मराठीतही प्रसिद्ध करते आहे, कारण या देशात लहान कारखाने, सॉफ्टवेअर कंपन्या आणि सल्लागार संस्था चालवणारी अनेक मराठी माणसे अशाच संस्थांची सभासद आहेत आणि त्यांच्या नावाने वाटल्या जाणाऱ्या सन्मानांचे काय होते आहे, हे त्यांनाही कळायला हवे.

मी धातूचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना चालवते. आमच्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, लेथ आणि मिलिंग मशीन आहेत. शाफ्ट, बुशिंग, ब्रॅकेट असे भाग आम्ही ड्रॉइंगप्रमाणे करून देतो, बहुतेक वेळा मोठ्या कंपनीच्या पहिल्या फळीतील, म्हणजे तिला थेट माल देणाऱ्या, पुरवठादाराला आणि क्वचित थेट त्या कंपनीला. जो पुरस्कार आपण बंद केला, तो काही वर्षांपूर्वी माझ्या कारखान्याला मिळाला होता. त्याबरोबर पैसे नव्हते आणि ते असावेत अशी माझी कधी अपेक्षाही नव्हती. मात्र त्याआधी आमच्या कोटेशनला उत्तरसुद्धा न देणाऱ्या दोन बायरनी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांनी, त्यानंतर कारखाना पाहायला येण्याची तयारी दाखवली. ज्या बँकेने आमचा लाइन ऑफ क्रेडिटचा, म्हणजे लागेल तसे उचलायच्या कर्जाचा, अर्ज आधी परत पाठवला होता, तिने तो पुन्हा मागवून घेतला. दहा लाख डॉलरच्या आतल्या उद्योगाला ना जाहिरात परवडते, ना विक्रीसाठी वेगळा माणूस ठेवता येतो. आपले काम अनोळखी बायरच्या नजरेस आणण्याचे जे थोडे मार्ग त्याच्याजवळ असतात, त्यांपैकी हा पुरस्कार एक होता.

एक कोटीच्या गटात तुम्हीही अर्ज करू शकता, हे उत्तर कागदावर बरोबर आहे. पण आपल्या अर्जाच्या नमुन्यात गुण कशाला आहेत ते पाहावे: उत्पन्नातील वाढ, नव्याने घेतलेले कामगार, मिळवलेली नवी कंत्राटे. आठ लाखांचा कारखाना आणि नव्वद लाखांचा कारखाना यांना या निकषांवर एका रांगेत उभे केले, तर निकाल अर्ज येण्यापूर्वीच लागलेला असतो. देशपातळीवर पुरवठादारांचे उलाढालीनुसार चार वर्ग केलेले आहेत: दहा लाखांपर्यंत, तिथून एक कोटीपर्यंत, तिथून पाच कोटींपर्यंत आणि त्यावरचे. ही विभागणी ज्यांनी केली, त्यांना हा फरक ठाऊक होता. आपण त्यातला पहिलाच वर्ग पुसून टाकला आहे.

आता पाठीराख्यांच्या पुरस्काराविषयी. माझी मुख्य तक्रार त्याविषयीच आहे.

मोठी कंपनी अल्पसंख्याक पुरवठादारांना ‘पाठिंबा’ देते, याचा अर्थ आपल्या समितीने आजवर एकच लावला आहे: तिने त्या वर्षात त्यांच्याकडून किती डॉलरची खरेदी केली. या आकड्याचे आकर्षण मला समजते. अल्पसंख्याकांच्या आणि महिलांच्या मालकीच्या पुरवठादारांकडून वर्षाला किमान एक अब्ज डॉलरची खरेदी करणाऱ्या कंपन्यांचा ‘बिलियन डॉलर राउंडटेबल’ हा गट २००१ मध्ये स्थापन झाला आणि तेव्हापासून हा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला. पण तो एकटाच पाहिला, तर फसवणूक न करताही दिशाभूल होते. शंभर लहान पुरवठादारांना काम दिले काय आणि पाच कोटींच्या वरच्या एकाच बड्या पुरवठादाराला सगळी रक्कम दिली काय, बेरीज तीच येते. शिवाय कंपनीच्या मुख्य पुरवठादाराने त्याच्या खालच्या फळीत केलेली खरेदीही प्रमाणानुसार कंपनीच्या अहवालात धरता येते. तोच डॉलर त्या मुख्य पुरवठादाराच्या अहवालातही असतो. यात बेकायदा काही नाही. परंतु ज्या कंपनीच्या बायरने माझ्या कारखान्याला कधी एक फोनसुद्धा केला नाही, तिच्या अहवालात माझे भाग तिच्या औदार्याचा पुरावा म्हणून मोजले जातात, हे समितीला ठाऊक असले पाहिजे.

या आकड्यात आणखी एक गोष्ट दिसत नाही आणि लहान कारखानदाराला ती सर्वांत जास्त भोवते: पैसे केव्हा मिळाले.

माझा अनुभव सांगते. कंपनीचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. आम्ही ज्या ग्राहकाला माल देत होतो, त्याच्या पर्चेस ऑर्डरवर ‘नेट ४५’ लिहिलेले होते, म्हणजे बिल सादर केल्यापासून ४५ दिवसांत पैसे. मग एक छापील पत्र आले की कंपनीच्या नव्या धोरणानुसार सर्व पुरवठादारांना यापुढे ९० दिवस लागू होतील. त्यावर चर्चेची सोय नव्हती. मान्य नसेल तर पुढील ऑर्डर मिळणार नाही, हे गृहीत होते. प्रत्यक्षात ९० दिवसही पाळले गेले नाहीत. ज्या संध्याकाळी आपल्या व्यासपीठावर त्या कंपनीला वर्षातील सर्वोत्तम पाठीराखी म्हणून गौरवण्यात आले, त्या संध्याकाळी आमची मुदत उलटलेली बिले तिच्याकडे पडून होती. सभागृहात इतर पुरवठादारही बसले होते. समारंभानंतर त्यांच्यातल्या काहींशी बोलले, तेव्हा त्यांचीही हीच स्थिती असल्याचे कळले.

याचा हिशेब समितीतील बँकिंग क्षेत्रातल्या सदस्यांना नव्याने सांगायला नको, पण वाचकांसाठी मांडते. समजा एक लाख डॉलरचे बिल आहे आणि पैसे येईपर्यंत पोलाद, वीज आणि पगार भागवण्यासाठी कारखानदाराला वर्षाला १२ टक्के दराने कर्ज घ्यावे लागते. ९० दिवसांचे व्याज सुमारे तीन हजार डॉलर होते. त्या कामावर त्याचा नफा आठ टक्के, म्हणजे आठ हजार असेल, तर त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग केवळ वाट पाहण्यात गेला. बिले विकून रोख पैसे उचलण्याचा फॅक्टरिंगचा मार्ग याहून बराच महाग पडतो आणि बँक ज्यांना दारात उभे करत नाही, त्यांना नेमका तोच धरावा लागतो. म्हणजे वर्षाला अब्जावधी डॉलरची उलाढाल असलेली कंपनी कमी भांडवलाच्या कारखान्याकडून बिनव्याजी कर्ज घेते आणि त्याच व्यवहाराबद्दल तिला पाठिंब्याचे मानचिन्ह मिळते. अमेरिकेच्या केंद्र सरकारसाठी १९८२ पासून वेळेत देयके चुकवण्याचा कायदा आहे. उशीर झाला तर सरकारी खात्याला व्याज द्यावे लागते. खासगी कंपन्यांवर तसे बंधन नाही. म्हणूनच ज्या ठिकाणी कायदा पोहोचत नाही, तिथे निदान सन्मान देणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारायला हवा.

यंदा पाठीराख्यांच्या तीनही पुरस्कारांसाठी ज्या कंपन्यांची नावे अंतिम यादीत आहेत, त्या सर्व समारंभाच्या प्रायोजकही आहेत. समितीने कोणाकडून पैसे घेऊन पुरस्कार दिला, असे मी म्हणत नाही आणि माझा तसा समजही नाही. परंतु ज्या कंपनीने सभागृहाचे भाडे भरले आहे, तिच्याविषयी तिच्या पुरवठादारांना प्रश्न विचारणे समितीला अवघड जाणार, हे उघड आहे. आणि आमच्यासारख्यांची स्थिती पाहावी: अर्जाचे शुल्क आम्ही भरायचे, अंतिम यादीत नाव आले तर समारंभाची तिकिटेही आम्हीच घ्यायची. हा खर्च मोठ्या कंपनीला जाणवतही नाही. लहान उद्योगाच्या मालकाला मात्र त्यासाठी दोनदा विचार करावा लागतो आणि पुष्कळ जण अर्जच करत नाहीत.

अल्पसंख्याक उद्योग असल्याच्या प्रमाणपत्राविषयी थोडक्यात. उद्योगाची किमान ५१ टक्के मालकी अल्पसंख्याक व्यक्तीकडे असावी, एवढाच नियम नाही. रोजचा कारभार आणि निर्णयही तिच्याच हाती असावेत, असा नियम आहे. कागदावर मालक एक आणि कारभार पाहणारा दुसराच, असे प्रकार या क्षेत्रात होतात, हे आपल्याला माहीत आहे. प्रमाणपत्र देताना प्रत्यक्ष पाहणी होते, पुरस्कार देताना होत नाही. ती व्हावी.

ज्या परंपरेतून हे सन्मान आले, तिचीही आठवण करून देणे मला भाग आहे. ५ मार्च १९६९ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वाणिज्य खात्यात अल्पसंख्याक उद्योगांसाठी कार्यालय उघडण्याचा आदेश काढला. नागरी हक्कांच्या चळवळीने मताचा अधिकार मिळवला होता. धंद्याचे दार अजून बंद होते. अमेरिकी काँग्रेसमधील (संसदेतील) मेरीलँडचे सदस्य पॅरेन मिचेल यांनी १९७७ च्या सार्वजनिक बांधकाम कायद्यात दुरुस्ती घालून चार अब्ज डॉलरच्या निधीतील दहा टक्के रक्कम अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी राखून घेतली. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद मान्य केली आणि १९८९ मध्ये त्याच न्यायालयाने रिचमंड शहराची ३० टक्क्यांची तरतूद रद्दही केली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात, १९८३ पासून, अल्पसंख्याक उद्योग विकास सप्ताह साजरा होऊ लागला आणि त्यातील राष्ट्रीय पुरस्कारांना पुढे एब वेनेबल, रॉन ब्राउन अशा माणसांची नावे मिळाली. ब्राउन हे वाणिज्यमंत्री झालेले पहिले कृष्णवर्णीय. १९९६ मध्ये क्रोएशियात विमान अपघातात गेले, तेव्हा ते अमेरिकी उद्योजकांच्या शिष्टमंडळाबरोबर कामावरच होते.

या इतिहासात आम्ही भारतीय उशिरा आलो. १९८२ मध्ये केंद्र सरकारच्या लघुउद्योग प्रशासनाने भारतीय वंशाच्या उद्योजकांना सामाजिकदृष्ट्या वंचित गटांच्या यादीत घेतले. ज्या लढ्यामुळे ती यादी अस्तित्वात आली, त्याची किंमत मुख्यतः कृष्णवर्णीय समाजाने मोजली होती. आज भारतीय वंशाचे अनेक उद्योग मोठे झाले आहेत आणि वरच्या गटांतील पुरस्कार घेताना ते व्यासपीठावर दिसतात. त्यांच्या यशाचा मला आनंद आहे. परंतु अमेरिकेच्या जनगणना विभागाची २०२१ ची आकडेवारी समितीसमोर असायला हवी. पगारी कामगार असलेल्या उद्योगांपैकी आशियाई मालकीचे सुमारे ११ टक्के होते. कृष्णवर्णीय मालकीचे तीन टक्क्यांहूनही कमी, लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याच्या तुलनेत फारच थोडे. लहान गटाचा पुरस्कार बंद झाल्याने सर्वांत आधी कोणाचे दार बंद होते, हे या आकड्यांकडे पाहून समजू शकते. माझ्या कारखान्याला तो मिळून गेला आहे. हे पत्र त्यांच्यासाठी आहे ज्यांना तो अजून मिळायचा आहे.

सध्याच्या न्यायालयीन वातावरणाचा उल्लेख आपल्या पत्रकात ओझरता आला आहे आणि खासगीत तेच खरे कारण म्हणून सांगितले जाते. हे वातावरण मी कमी लेखत नाही. जुलै २०२३ मध्ये टेनेसीतील संघीय न्यायालयाने लघुउद्योग प्रशासनाला केवळ वंशावरून वंचितता गृहीत धरण्यास मनाई केली. मार्च २०२४ मध्ये टेक्सासमधील न्यायालयाने वाणिज्य खात्याच्या अल्पसंख्याक उद्योग विकास संस्थेविषयी तसाच निकाल दिला. अटलांटातील फिअरलेस फंडाने कृष्णवर्णीय स्त्री-उद्योजकांसाठी २०,००० डॉलरच्या अनुदानाची स्पर्धा ठेवली होती. जून २०२४ मध्ये अपील न्यायालयाने ती रोखली आणि सप्टेंबरमध्ये तडजोड होऊन ती कायमची बंद झाली. २०२१ मध्ये काँग्रेसने कायद्याने कायम केलेली ती विकास संस्थाच मार्च २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने कायद्याच्या किमान मर्यादेपर्यंत आटवण्यास सांगण्यात आले. ज्या संस्थांचे हात या काळात आखडले, त्यांच्या भीतीला कारण आहे.

पण ही भीती आपल्या निर्णयाचे समर्थन करत नाही, उलट त्यातील चूक दाखवते. दहा लाख डॉलरची मर्यादा उलाढालीची आहे, वंशाची नाही. आपल्या सर्व पुरस्कारांच्या अटींमध्ये कायद्याच्या दृष्टीने सर्वांत निर्धोक अट जर कोणती असेल, तर ती हीच. कंपनीने कोणत्या समाजाच्या पुरवठादारांवर किती खर्च केला, हा पाठीराख्यांच्या पुरस्काराचा निकष त्या मानाने कितीतरी नाजूक आहे, आणि आपण वाढवले ते त्याच निकषावरचे पुरस्कार. वेळेवर पैसे दिले का, लहान पुरवठादाराला सलग काम मिळाले का, त्याच्या वाढीला हातभार लागला का, हे प्रश्न कोणत्याही न्यायालयासमोर निःसंकोच ठेवता येतील असे आहेत. समितीने यावर आपल्या विधी सल्लागाराचे मत घ्यावे आणि ते सभासदांना कळवावे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

दहा लाख डॉलरपर्यंतच्या उद्योगांचा स्वतंत्र पुरस्कार यंदाच्याच समारंभात पुन्हा सुरू करावा. त्यासाठी अर्जाची मुदत वाढवावी लागली तरी चालेल. या गटासाठी अर्जाचे शुल्क घेऊ नये आणि अंतिम यादीतील मालकांना समारंभाचे प्रवेशपत्र संस्थेने द्यावे.

पाठीराखी कंपनी निवडताना खरेदीच्या आकड्याबरोबर चार गोष्टी लेखी मागाव्यात: अल्पसंख्याक पुरवठादारांना पैसे देण्यास प्रत्यक्षात लागलेले सरासरी दिवस, त्या वर्षात देयकाची मुदत वाढवली असल्यास त्याचा तपशील, थेट खरेदी आणि खालच्या फळीतून मोजलेली खरेदी यांची वेगवेगळी रक्कम, आणि तीन वर्षांपूर्वीच्या लहान पुरवठादारांपैकी आज किती जण काम करत आहेत. कंपनीने दिलेली माहिती तिच्या काही पुरवठादारांकडून, त्यांची नावे गुप्त ठेवून, पडताळून घ्यावी. आपण कोणाविषयी काय सांगितले हे ग्राहकाला कळेल, या भीतीत राहणारा पुरवठादार खरे बोलणार नाही, म्हणून गुप्ततेचा आग्रह आहे.

ज्या वर्षी कंपनी समारंभाची प्रायोजक असेल, त्या वर्षी तिला पाठीराख्यांचा पुरस्कार देऊ नये. तिला प्रायोजक म्हणून जाहीर धन्यवाद द्यावेत. तो तिचा हक्क आहे.

वाढवलेल्या तीन पुरस्कारांपैकी एक व्यक्तींसाठी ठेवावा. लहान उद्योगाला खरा आधार अनेकदा कंपनी देत नाही, कंपनीतला एखादा माणूस देतो: अनोळखी कारखान्याला पहिली ट्रायल ऑर्डर देऊन आपल्या वरिष्ठांपुढे तिची जबाबदारी घेणारा बायर, पहिला नमुना नाकारला गेल्यावर फोन उचलून नेमके कुठे चुकले ते सांगणारी गुणवत्ता विभागातील इंजिनीअर, स्थानिक पतसंस्थेत बसून ताळेबंदाबरोबर मशीनवरचे कामही पाहायला येणारा कर्ज अधिकारी, निवृत्तीनंतर विनामोबदला नव्या मुलांना मशीनचे सेटिंग शिकवणारा जुना मशिनिस्ट. माझ्या कारखान्यात अशा माणसांचे ऋण आहे आणि आपल्या व्यासपीठावर त्यांच्यापैकी एकही कधी आलेले नाही. पाठीराखा म्हणून कोणाला बोलवायचे असेल, तर आधी त्यांना बोलवावे.

निकष, परीक्षकांची नावे आणि त्यांचे कोणत्या कंपन्यांशी व्यावसायिक संबंध आहेत, हे अर्ज मागवण्यापूर्वी सभासदांना कळवावे. पुरस्काराच्या नावातील ‘अल्पसंख्याक’ हा शब्द पुढे काढण्याचा विचार असेल, तर तोही पत्रकात गुपचूप न बदलता सर्वसाधारण सभेत मांडावा.

यातील एकाही मागणीला मोठा खर्च नाही. पहिली मागणी समितीच्या एका बैठकीत मान्य होऊ शकते. इतरांसाठी पुढील वर्षापर्यंतचा वेळ आम्ही समजून घेऊ. उद्योगांच्या नामांकनांची अंतिम यादी जाहीर होण्यापूर्वी या पत्राला लेखी उत्तर मिळावे, अशी विनंती आहे. ते आले नाही, तर समान मताच्या सभासदांच्या सह्या घेऊन सर्वसाधारण सभेची मागणी करण्याची तरतूद संस्थेच्या घटनेत आहे आणि मी तिचा वापर करीन. सह्यांचा कागद माझ्या कार्यालयात ठेवला आहे. ज्या सभासदांची बिले मुदतीबाहेर अडकली आहेत, त्यांनी सही करताना कंपनीचे नाव लिहू नये, फक्त किती दिवस झाले तेवढे लिहावे. तो आकडा मी समितीसमोर ठेवणार आहे.

आपली विश्वासू,
एक सभासद आणि पुरवठादार